सौ. सुलोचनादेवींचा भाचा

हरिदास उमाटे याने पुलगावच्या कापसाच्या जिनातली कारकुनी सोडली तेव्हा त्याचा राजीनामा दोन पानी होता. पहिलं पान मावळत्या सूर्याच्या वर्णनात गेलं होतं. मालकाने अर्ध्यापर्यंत वाचून विचारलं, "रजा पाहिजे का?" हरिदास म्हणाला, "नाही. मी यापुढे लेखनावर जगणार आहे." मालकाने त्याच्याकडे, मग कागदाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं आणि सही केली.

ही १९५४ सालची गोष्ट. हरिदास तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तोवर त्याची एकच कथा प्रसिद्ध झाली होती, तीही शाळेच्या हस्तलिखितात, आणि ते हस्तलिखित त्यानेच लिहून काढलं होतं.

तो वर्ध्याला आपल्या मावशीकडे आला. मावशीचं नाव आनंदाबाई भोयर. रेल्वे फाटकाजवळ तिची खानावळ होती. कॉमर्स कॉलेजची मुलं, पोस्टातले दोन कारकून आणि निसर्गोपचारावर श्रद्धा असलेले, बिनमिठाचं जेवणारे एक वयस्क गृहस्थ, असे बारा जण तिथे दोन वेळा जेवत. मावशीचा नवरा दहा वर्षांपूर्वी गिरडच्या जत्रेला जातो म्हणून गेला तो परत आला नव्हता. वाईट बातमी कोणी आणली नाही, म्हणून मावशी रुपयाएवढं कुंकू लावत असे आणि नवऱ्याचा विषय निघाला की भाकरी जोरात थापत असे.

तिने हरिदासला मागची खोली दिली. त्याने पहिल्याच आठवड्यात दारावर पाटी लावली : 'हरिदास उमाटे, लेखक.'

पाटीचा गुण ताबडतोब दिसला. सिंदी मेघेचा श्रावण नावाचा शेतकरी दारात येऊन बसला. त्याची म्हैस कोंडवाड्यात घातली होती आणि त्याला तहसीलदाराच्या नावे अर्ज हवा होता.

"मी अर्ज नाही लिहीत. मी गोष्टी लिहितो," हरिदास म्हणाला.

श्रावणने विचार केला. "मंग गोष्ट लिहा. पण तहसीलदाराले समजली पाह्यजे."

हरिदासने त्याला परत पाठवलं आणि दुपारी पाटीवर 'कथा' हा शब्द वाढवून घेतला. 'कथालेखक' वाचून दुसऱ्या दिवशी एक बाई सत्यनारायणाची कथा सांगता का विचारायला आली.

हरिदासच्या कथा काश्मीरमध्ये घडत. तो स्वतः बडनेऱ्याच्या पलीकडे गेला नव्हता, पण सरोवर, शिकारा आणि चांदणं यांवाचून त्याला पहिलं वाक्यच सुचत नसे. नायिकेचं नाव मालिनी. ती पियानो वाजवी, खोकला झाला तरी डॉक्टरला सांगत नसे, आणि शेवटच्या पानावर विष घेई. अशा कथा तो नागपूरच्या 'गृहदीपिका' मासिकाकडे पाठवी, आणि त्या तितक्याच नेमाने परत येत. 'अश्रूंची ओंजळ' ही त्याची सर्वांत लाडकी कथा. तिच्यासोबत संपादक प्रभाकरराव यांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या : "नायिका कृत्रिम वाटते. लेखकाला स्त्रीहृदयाची ओळख नाही."

त्या ओळींनी हरिदासचं जेवण गेलं. पण त्याच मासिकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चौकटीत एक निवेदन होतं : भगिनी-लेखिकांचं साहित्य अगत्याने मागवीत आहोत. हरिदासने रात्रंदिवस खपून वगैरे काही केलं नाही. 'अश्रूंची ओंजळ' स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवली आणि खाली नाव घातलं, 'सौ. सुलोचनादेवी'. हे नाव त्याने एका मोडलेल्या सोयरिकीतून घेतलं होतं. त्या मुलीच्या वडिलांनी "लेखक म्हणजे कोण्या खात्यात?" असं विचारून पत्रिका परत केली होती.

नवव्या दिवशी उत्तर आलं. "ताई, आपली कथा वाचून डोळे पाणावले. स्त्रीहृदयाचे इतके नाजूक चित्र कोणाही पुरुषाला काढता येणार नाही. आणखी पाठवा."

हरिदासने आणखी पाठवल्या. वर्षभरात सुलोचनादेवींच्या सहा कथा आल्या. त्यांतल्या पाच पूर्वी परत आलेल्या होत्या. मानधन म्हणून प्रत्येक वेळी अंकाच्या दोन प्रती येत. वाचकांची पत्रंही येऊ लागली. आकोटच्या एका बाईंनी मालिनीसारखा फिका रंग येण्यासाठी काय लावावं ते विचारलं होतं. हरिदास या पत्रांना मोठ्या बहिणीच्या मायेने उत्तरं लिही. पाटीवर अजून त्याचंच नाव होतं, पण आपण लेखनावर जगतो असं तो आता खाली न पाहता म्हणू शकत होता. जगायला लागणारं वरण-पोळीचं ताट मावशी देत होती, ही गोष्ट वेगळी.

मग आर्वीकडच्या कारंजाहून पत्र आलं. तिथल्या महिला मंडळाचा वार्षिक मेळावा संक्रांतीनंतरच्या रविवारी होता. मंडळाच्या अध्यक्षा देवकाबाई मोठ्या संत्राबागायतदाराच्या पत्नी. त्यांनी सुलोचनादेवींना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. हरिदासने ताबडतोब मंडळाला आणि मासिकाला कळवलं की ताईंची प्रकृती नाजूक आहे. उलट टपाली प्रभाकररावांचं पत्र आलं : "ताई, मीही कारंजाला येणार आहे. आपण येऊ शकत नसाल तर मी वर्ध्याला येऊन आपल्याला भेटतो. ज्या लेखणीने महाविदर्भाला रडवले तिचे दर्शन घेतल्याशिवाय मी राहणार नाही."

हरिदास पत्र घेऊन दोन दिवस फिरला. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी तुरीची डाळ निवडत बसली होती, तिथे जाऊन त्याने सगळं सांगून टाकलं.

मावशीने ऐकून घेतलं. "म्हंजे तू बाईच्या नावानं लिहून राह्यला?"

"हाव."

"अन् आता बाई पाह्यजे."

"हाव मावशी. एकच दिवस. तू फक्त बसजो. भाषण मी लिहून देतो."

"मी चौथी शिकली, हरी."

"तेवढं पुरे आहे."

खरं म्हणजे मावशी हरिदासपेक्षा जास्त वाचत असे. मोतीलालच्या किराणा दुकानातून जिरं, हळद, खडीसाखर ज्या कागदात बांधून येई ते सगळे कागद ती पुडी रिकामी झाल्यावर मांडीवर सपाट करून वाची. जुन्या मासिकांची ती पानं असत. पण एका पुडीत गोष्टीचं एकच पान येतं. पुढचं पान दुसऱ्या कोणाच्या घरी धण्यांच्या पुडीत गेलेलं असे. त्यामुळे आनंदाबाईने शेकडो गोष्टी मधूनच वाचल्या होत्या आणि त्यांचे शेवट चुलीपुढे बसून स्वतःच लावले होते.

"तुह्या गोष्टी वाचून दाखव," ती म्हणाली. "मी काय काय लिहिलं ते मले तं समजलं पाह्यजे."

हरिदासने सहाही कथा वाचून दाखवल्या. डाळ निवडून झाली, तांदूळ निवडून झाले. शेवटची मालिनी मेली तेव्हा मावशी म्हणाली, "हे बाई दिवसभर पियानो वाजवते. सैपाक कोन करते?"

"नोकर असतात, मावशी."

"मंग त्या नोकरानीची गोष्ट काऊन नाई लिहिली? तिले समदं मालूम असन." तिने सूप बाजूला ठेवलं. "येतो मी. पण मोटारीत मले खिडकीजवळ बसवजो."

रविवारी बारा जणांचं जेवण शेजारच्या धुरपताबाईकडे सोपवून दोघं निघाले. आर्वीला मोटार बदलली. मावशीने ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसलं होतं आणि वाटेत ती भाषण पाठ करत होती. भाषणाचं पहिलं वाक्य होतं, 'साहित्य ही मानवी भावनांची अथांग जीवनगंगा आहे.' आर्वी येईपर्यंत तिला ते आलं. आर्वीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या आणि ती जीवनगंगेतून बाहेर आली ती आलीच.

शाळेच्या पटांगणात शंभर-दीडशे बाया बसल्या होत्या. शाळा नागपूर-अमरावती सडकेला लागून होती, त्यामुळे ट्रक गेला की वक्त्याला थांबावं लागे. प्रभाकरराव पुढच्याच खुर्चीवर होते. पांढरंशुभ्र खादीचं जाकीट, हातात वही. पाहुण्या सायकलरिक्षातून नाजूकपणे उतरतील अशी त्यांची कल्पना असावी. आनंदाबाई पदर खोचून तरातरा चालत आली तेव्हा ते नमस्काराला उभे राहिले आणि तिच्या मागे पाहू लागले.

"याच सुलोचनादेवी," हरिदास म्हणाला. "मी त्यांचा भाचा. कथा उतरवून देण्याचं काम करतो."

देवकाबाईंनी स्वागत केलं, तिळगूळ झाला, ओटी भरली. मावशी बोलायला उभी राहिली. "साहित्य ही मानवी भावनांची..." इतकं म्हणाली आणि सडकेवरून लोखंडाच्या सळया भरलेला ट्रक गेला. तो बराच लांब होता. तो जाईपर्यंत मावशी सगळ्यांकडे पाहत उभी राहिली आणि सगळ्या जणी तिच्याकडे. ट्रक गेला तेव्हा भाषणही गेलेलं होतं. हरिदासने खुर्चीवरून ओठ हलवून 'अथांग' म्हणून पाहिलं. मावशीने तिकडे पाहिलंच नाही.

"बायानो, मले भाषन येत नाई," ती म्हणाली. "तुमी ईचारा, मी सांगतो."

पहिल्या रांगेतली एक तरुण मास्तरीण उठली. तिने 'अश्रूंची ओंजळ' तीनदा वाचली होती. तिने विचारलं, "ताई, मालिनीने विष का घेतलं?"

हरिदासने पुन्हा ओठ हलवून 'विरह' म्हणून पाहिलं.

"मलेही तेच समजलं नाई, बाई," मावशी म्हणाली. "नवरा सोडून गेला म्हनून इख घ्याचं असतं तं मी बारा वर्साअगोदर घेतलं असतं. माहा मानूस गिरडच्या जत्रेले गेलता. 'फुटाने घेऊन येतो' म्हनला. रात झाली, आला नाई. मी लय रडली. मंग ध्यानात आलं का सकाळी मानसं जेवाले येतीन. पीठ नोतं दळलेलं. जात्यावर बसली. दळता दळता रडनं कव्हा थांबलं ते मले समजलंच नाई. त्या मालिनीच्या घरी जातं असतं तं वाचली असती ते."

मागच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्याने हसली, आणि मग सगळ्याच. मास्तरीण हसता हसता डोळे पुसत होती. मावशीला आता हुरूप आला. तिने पुड्यांच्या कागदांवरच्या अर्ध्या गोष्टी सांगितल्या आणि आपण त्यांचे शेवट कसे लावले तेही सांगितलं. एका गोष्टीत राजपुत्र दरीत लटकलेला होता आणि पान संपलं होतं. मावशीने त्याला दोन वर्षं तसाच ठेवला होता, कारण त्याच पानावर त्याने आईला उलटून उत्तर दिलं होतं. बायांनी तिला तासभर खाली बसू दिलं नाही.

परत निघताना प्रभाकररावांनी तिच्यापुढे हात जोडले. "ताई, आपल्या कथांमागे असा अस्सल मातीचा माणूस आहे हे मी पहिल्या कथेपासूनच ओळखलं होतं. आता याच बोलीत लिहा."

हरिदास बाजूला उभा होता. काश्मीरच्या सहा कथांत संपादकाला माती कुठे दिसली हे त्याला विचारावंसं वाटलं, पण त्याच्या दोन्ही हातांत ओटीचे नारळ होते.

घरी आल्यावर त्याने ठरवलं की झालं ते झालं, सुलोचनादेवींनी आपल्या मार्गाने जावं. त्याने 'हिमगौरी' ही नवी कथा पाठवली. ती परत आली. "ताई, क्षमा करा. ही कथा आपली वाटत नाही. कोणा पुरुषाने हात फिरवलेला दिसतो. आपल्या भाच्याला साहित्यात हात घालू देऊ नये ही नम्र सूचना."

हरिदासने ते पत्र मावशीला वाचून दाखवलं, कारण लपवण्याइतकंही बळ त्याला राहिलं नव्हतं. मावशी म्हणाली, "मंग मी सांगतो, तू लिह."

तिने बिनमिठाचं जेवणाऱ्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. त्यांनी जगभराला मीठ सोडायला सांगितलं होतं आणि एकदा मावशीने त्यांना मागच्या दारी लोणच्याच्या बरणीत बोट घालताना पकडलं होतं. बारा वाक्यांची गोष्ट होती. हरिदासने लिहून घेतली, रात्री गोष्टीवर साहित्यिक संस्कार केले आणि सकाळी वाचून दाखवली. बरणीच्या जागी 'रसनेचे मोहक मंदिर' आलं होतं.

"मी असं म्हनली का?" मावशीने विचारलं.

"अर्थ तोच आहे."

"लोनचं कोठी हाय याच्यात?"

हरिदासला राग आला. तो म्हणाला की साहित्य म्हणजे लोणचं नव्हे. दुसऱ्या दिवशी मावशीने पोस्टातल्या कारकुनाकडून कोरे कागद आणवले आणि चौथीच्या अक्षरात, स्वल्पविरामाशिवाय, गोष्ट स्वतः लिहून पाठवली. पुढच्या महिन्यात ती छापून आली, मुखपृष्ठावर सुलोचनादेवींच्या नावासकट. ते वयस्क गृहस्थ अंक घेऊन स्वयंपाकघरात आले. आता ते खानावळ सोडतील असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "आनंदाबाई, लोणचं वाढा." त्या दिवसापासून ते पंक्तीत उघड मीठ घेऊ लागले.

हरिदासने ती गोष्ट चार वेळा वाचली. प्रत्येक वेळी तो हसला आणि प्रत्येक वेळी हसल्याचं त्याला वाईट वाटलं. आपलं घर कोणीतरी राहायला घेतलं आहे आणि आपल्यापेक्षा ते चांगलं ठेवलं आहे, असं त्याला झालं. शेवटी त्याने सहाही कथांच्या कच्च्या प्रती पिशवीत भरल्या आणि मावशीला न सांगता नागपूरची गाडी धरली.

'गृहदीपिके'ची कचेरी छापखान्याच्या वर होती. प्रभाकररावांनी त्याला चहा दिला. हरिदासने चहाला हात न लावता सांगितलं, "साहेब, सुलोचनादेवी मी आहे."

प्रभाकररावांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत. त्यांनी फार समजुतीने मान हलवली.

"असं वाटतं बरं का, उमाटे. मोठ्या माणसाजवळ राहिलं की असं होतं. पूर्वी एक गृहस्थ यायचे, त्यांच्या पत्नीच्या सगळ्या ओव्या त्यांनीच रचल्या म्हणून."

"पण हे बघा ना! हे माझं अक्षर आहे. ही 'अश्रूंची ओंजळ'. ही खाडाखोड बघा."

"अक्षर तुमचंच असणार. तुम्हीच तर म्हणालात कारंजाला, उतरवून देता म्हणून." त्यांनी एक पान उजेडात धरलं. "पण उतरवताना फार चुका करता. इथे बघा, ताईंनी नक्कीच काही वेगळं सांगितलं असणार."

"ही कथा तुम्ही मला आधी परत केली होती. माझ्या नावाने. 'स्त्रीहृदयाची ओळख नाही' म्हणून तुम्हीच लिहिलं होतं."

"मग?" प्रभाकरराव हसले. "मी तेव्हाही बरोबरच होतो."

हरिदास गार झालेला चहा प्यायला. निघताना संपादकांनी त्याच्याजवळ ताईंसाठी संत्र्याची बर्फी दिली आणि जिन्यापर्यंत येऊन सांगितलं की ताईंच्या प्रकृतीला जपा.

तो दुपारच्या पॅसेंजरने परतला. मावशी वांगी चिरत होती. त्याने बर्फीचा पुडा तिच्यापुढे ठेवला आणि कुठे गेला होता, का गेला होता, ते सांगितलं. आपण तिचं नाव काढून घ्यायला गेलो होतो हेही लपवलं नाही. मावशी रागावेल अशी त्याची खात्री होती.

"अन् मंग तो काय म्हनला?" तिने विचारलं.

हरिदासने सांगितलं. ओव्यांचे गृहस्थ सांगितले, उजेडात धरलेलं पान सांगितलं. विळीवरचा मावशीचा हात थांबला. 'मी तेव्हाही बरोबरच होतो' इथे आल्यावर ती इतकी हसली की तिला वांग्याची परात बाजूला सारावी लागली. तिचं हसणं पाहून हरिदासलाही हसू फुटलं, आणि त्यातच केव्हातरी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे लिह," मावशी म्हणाली.

"यात काय लिहायचं? माझी फजितीच आहे ही."

"मंग दुसऱ्याची लिहिशीन का? आता जसं मले सांगितलं तसंच लिह. त्याच्यात तळं घालू नको."

तो खोलीत गेला. पहिलं वाक्य लिहिलं, त्यात संध्याकाळ आली, ती खोडली. दुसरं लिहिलं, 'मी चहाला हात लावला नाही', ते राहू दिलं. त्याला चार दिवस लागले. मावशीने वाचलं, शेवटचा अर्धा परिच्छेद नखाने दाखवला आणि म्हणाली, "इथं तू मालिनीसारखा रडून राह्यला." त्याने तो काढून टाकला. खाली पहिल्यांदाच स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि ज्यांची फजिती नव्हे पण ज्यांचं वाक्य त्यात होतं त्या संपादकांकडेच गोष्ट पाठवली. लिफाफा पेटीत टाकल्यावर तो थोडा वेळ पोस्टासमोरच उभा राहिला, हात घालून तो परत काढता येईल का हे पाहत.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. प्रभाकररावांना त्या गोष्टीतला संपादक कोण हे अजिबात ओळखू आलं नव्हतं. कोपऱ्यात त्यांनी शाईने लिहिलं होतं, 'असे संपादक असतात खरे.' बाकीचं कार्ड छापील होतं, कारण 'गृहदीपिके'ने स्वीकृतीसाठी एकच नमुना छापून घेतला होता :

'प्रिय भगिनी, आपली कथा मिळाली. ती पुढील अंकी घेत आहोत. आपला संसार सांभाळून अशीच साहित्यसेवा करीत राहावे.'

हरिदासने ते मावशीला दाखवलं. तो 'भगिनी' या शब्दावर बोट ठेवून उभा होता.

"भगिनी तं भगिनी," मावशी म्हणाली. "छापून राह्यले ना? बस जेवाले."